सटवाईचा लेख आणि न्यायालयाचे कोष्टक

मूल जन्माला आल्यानंतर पाचव्या, कोठे कोठे सहाव्या, दिवशी रात्री पाटा-वरवंटा मांडून त्याची हळदकुंकवाने पूजा करण्याची आणि शेजारी एक कोरा कागद व लेखणी ठेवून देण्याची चाल आपल्या खेड्यापाड्यांतून, आणि शहरांतल्याही पुष्कळ घरांतून, अद्यापि टिकून आहे. त्या रात्री सटवाई येते आणि तान्ह्या जिवाचे आयुष्य त्याच्या कपाळी लिहून जाते, अशी समजूत. सकाळी उठून पाहावे तो कागद कोराच असतो. पण त्याचा विस्मय घरात कोणालाच वाटत नाही, कारण मजकूर कपाळावर उमटलेला आहे आणि तो वाचण्याची दृष्टी माणसाला दिलेली नाही, हे सर्वांनी आधीच मान्य केलेले असते.

या कोऱ्या कागदाची आठवण मला झाली ती अगदी भलत्या ठिकाणी. एका जिल्ह्याच्या गावी न्यायालयाच्या जुन्या इमारतीत, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण अशी पाटी असलेल्या दालनाबाहेरच्या बाकावर मी एका वृद्ध बाईंसोबत बसलो होतो. आमच्या परसाची भिंत ज्याने बांधली त्या गवंड्याची ती आई. कामावरून परतताना घाटाच्या उतरणीवर मागून आलेल्या मालट्रकने त्याची मोटारसायकल उडवली होती, आणि त्याची बायको, दोन मुले व ही आई असे चौघे अर्जदार होऊन ट्रकचा मालक व विमा कंपनी या सामनेवाल्यांविरुद्ध नुकसानभरपाई मागत होते. मुलांच्या नावापुढे ‘अज्ञान’ असे लिहिलेले होते. कायद्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ वयाने लहान एवढाच. तरी वकिलांच्या कारकुनाने तो पुकारला तेव्हा, त्या व्हरांड्यात बसलेल्या आम्हां सर्वांनाच तो लागू पडतो, असे मला क्षणभर वाटले.

आजींची साक्ष निघाली. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपास सौम्यपणेच सुरू केला. मुलगा महिन्याला घरी किती पैसे देत असे, त्याची काही नोंदवही होती काय, डोक्याला शिरस्त्राण होते काय, असे नेहमीचे प्रश्न झाले. आणि मग, बहुधा काही हेतू न ठेवता, त्यांनी विचारले की, अपघात कसा झाला हे आपण पाहिले नाही ना? आजी म्हणाल्या, “म्या कशाला बघंन? त्याचं आयुक्षच तेवढं व्हतं, सायेब. सटवीनं लिवल्यालं कुनाला चुकलंय?” अर्जदारांच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. टंकलेखक न्यायाधीशांच्या तोंडाकडे पाहू लागला, कारण साक्षीदार बोलतो ते न्यायाधीशांनी सांगितल्यावाचून कागदावर चढत नाही. न्यायाधीशांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि मजकूर सांगितला तो एवढाच: “मी अपघात होताना पाहिलेला नाही.” सटवाई अभिलेखात आली नाही.

बाहेर आल्यावर आमचे वकील आजींना म्हणाले, “आजी, असं बोलायचं नसतं हो. आयुष्यच तेवढं होतं म्हटल्यावर भरपाई कशाची मागायची?” बोलणे वकिली होते, परंतु त्यात जो पेच होता तो वकिली नव्हता. ज्या समाजात मृत्यू हा नियत आहे अशी शेकडो वर्षांची धारणा आहे, आणि ती धारणाच शोक आवरण्याचे सगळ्यांत हाताशी असलेले साधन आहे, त्या समाजातील माणसाने त्याच मृत्यूबद्दल दुसऱ्या माणसाकडे दाम मागावेत, याची संगती कशी लावायची? नियत असेल तर ट्रकचालकाचा दोष नाही. दोष असेल तर नियत नव्हते. आजींना यात विसंगती वाटत नव्हती, हे मी पुढे अनेक तारखांना पाहिले. त्या एका हाताने पदराने डोळे पुसत आणि दुसऱ्या हाताने तारखेचा कागद घडी करून कनवटीला लावीत. विसंगती मला वाटत होती, आणि ती माझ्या शिक्षणाची असावी.

या पेचावर आपल्याकडे उत्तर नाही असे नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे देह की स्थान, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत. पण स्थान हा अर्थ क्षणभर घेतला, तर घाटातल्या त्या अपघाताची यादी जणू कोणी तयार करून ठेवल्यासारखी दिसते. अधिष्ठान म्हणजे तो उतार व ते वळण. कर्ता म्हणजे चालक. करण म्हणजे ट्रक, त्याचे ब्रेक, झिजलेले टायर. चेष्टा म्हणजे इंधन वाचावे म्हणून गिअर काढून गाडी उतारावर सोडून देणे, हॉर्न न देणे, डावीकडून पुढे घालणे. आणि ही चारही मोजून झाल्यावर जे उरते, की नेमका त्याच क्षणी हाच माणूस त्या जागी का होता, ते दैव. ते पाचवे आहे. आपली खोड अशी की, पहिल्या चारांची वास्तपुस्त न करता आपण थेट पाचव्यापाशी जाऊन हात टेकतो, आणि त्याला आस्तिक्य म्हणतो. पोलिसांच्या फिर्यादीत ‘हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात’ हा जो ठरीव शब्दसमूह प्रत्येक अपघाताला लावलेला असतो, त्याचा वाचून वाचून कंटाळा येतो खरा. परंतु त्यातला एकेक शब्द या चार कारणांपैकी कोठे ना कोठे जाऊन बसतो, आणि दैवाचे नाव मात्र त्यात नसते. ज्या कोणा फौजदाराने हा मजकूर प्रथम रचला असेल त्याला गीता येत होती की नव्हती कोण जाणे. त्याने पाचव्या कारणाला ठाण्याच्या दारात अडवून ठेवले हे निश्चित.

पाश्चात्य कायद्यानेही दैवासाठी एक खोली राखून ठेवली होती. मनुष्याच्या आवाक्याबाहेरची, ईश्वराची म्हणावी अशी घटना घडली तर कोणालाच जबाबदार धरू नये, हा तिकडचा जुना बचाव. आपल्या मुलखी सारामाफीच्या अर्जांत ‘अस्मानी-सुलतानी’ हा जो जोडशब्द येत असे त्यातली ही अस्मानी. मोटारीच्या बाबतीत ही खोली आमच्या सर्वोच्च न्यायालयाने हळूहळू अरुंद करीत आणली. ब्रेक अकस्मात निकामी झाला असे म्हणणाऱ्या मालकाने, आपण गाडीची योग्य निगा राखली होती हे स्वतः शाबीत केले पाहिजे, असे १९७७ साली सांगितले गेले. २००१ साली एक प्रकरण असे आले की, जीपचे पुढचे टायर फुटून ती उलटली आणि पायी जाणारा एक मनुष्य मेला. चालकाची हयगय शाबीत होत नव्हती. याहून अस्मानी प्रसंग तो कोणता? तरीही न्यायालयाने म्हटले की, रस्त्यावर अशी धोक्याची वस्तू ज्याने आणली त्याने तिच्या परिणामाचा भार उचलावा, हयगय असो वा नसो. टायर फुटणे हे दैव असेल. पण जीप रस्त्यावर आणणे हे दैव नव्हते. हा निवाडा मला कर्मविपाकाच्या कित्येक प्रवचनांपेक्षा अधिक कर्मवादी वाटतो.

आता ज्या कोष्टकाचा उल्लेख मथळ्यात केला आहे त्याकडे येतो. मृताच्या वयाप्रमाणे एक गुणक धरावयाचा आणि त्याने त्याच्या घरच्यांना मिळणाऱ्या वार्षिक रकमेला गुणावयाचे, ही रीत आपल्या न्यायालयांनी इंग्रजी न्यायालयांकडून उचलली. तिच्यात जो गोंधळ माजला होता तो २००९ साली दिल्लीच्या परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने निस्तरला, आणि एक कोष्टक घालून दिले: पंधरा ते पंचवीस वयास १८, छत्तीस ते चाळीस वयास १५, छप्पन्न ते साठ वयास ९, पासष्टीपुढे ५. त्या दाव्यातील मृत मनुष्य शास्त्रज्ञ होता, वय अडतीस, आणि दावा त्याच्या विधवेने लावलेला. वकीलमंडळी आज तो निवाडा त्या बाईच्याच नावाने ओळखतात. न्यायालयाच्या कोणत्याही व्हरांड्यात उभे राहा, दिवसातून दहा वेळा ते नाव कानी येते: अमक्याला कोणता गुणक लागेल, तमक्याला तो निवाडा लावा. एका स्त्रीचे वैधव्य कोष्टकाचे नाव होऊन बसले आहे, आणि ते उच्चारणाऱ्याच्या मनात वैधव्याचा विचार येत नाही. मी हे दोष म्हणून सांगत नाही. सतीच्या शिळेवर कोरलेला हात पाहतानाही आपल्या मनात हात येतो, बाई येत नाही.

पंचविशीतला मुलगा मेला तर त्याचे निदान पस्तीस वर्षांचे कमावते आयुष्य गेले. मग गुणक ३५ का नाही, १८ च का? हा प्रश्न प्रत्येक अर्जदार विचारतो, आणि वकील तो टाळतात. उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी व्याजाची: एकदम हाती पडलेली रक्कम पेढीत ठेवली म्हणजे तिचे व्याज येत राहते, म्हणून पस्तीस वर्षांच्या प्राप्तीची आजची किंमत पस्तीस पटींहून पुष्कळच कमी. दुसरी पायरी अशी की, तो त्या दिवशी वाचला असता तरी पुढे जगलाच असता, कामावर राहिलाच असता, त्याच्यावर अवलंबून असलेले जगलेच असते, याची शाश्वती नाही. त्या अनिश्चिततेपोटीही काही वजा करावयाचे. म्हणजे पाहा, ज्या दैवाला दालनाच्या दारात अडवले, तेच मागच्या दाराने अंकाचा वेष घेऊन आत आलेले आहे. पस्तीस आणि अठरा यांच्यामधल्या अंतरात व्याजाची जेवढी कसर आहे तेवढी सोडली, तर उरलेली कसर सटवाईची आहे. फरक इतकाच की, येथे ती एका कपाळावर लिहिलेली नसून एका वयाच्या सर्वांवर सरसकट लिहिलेली आहे, आणि कोणालाही वाचता येते.

हे वाचता येणे कोठून आले त्याची हकीकत धर्माच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस ब्रेस्लाउ नावाच्या शहरात, जे आज पोलंडात आहे, कास्पर नॉयमान नावाचा एक धर्मोपदेशक होता. माणसाच्या वयाची सातांच्या व नवांच्या पटीतील वर्षे घातक असतात, चंद्राच्या कलांप्रमाणे मृत्यू वाढतात, अशा समजुती त्या काळी तिकडे होत्या. आपल्याकडच्या ग्रहदशांना बहीण शोभतील अशा. नॉयमानने चर्चच्या दफ्तरांतून जन्ममृत्यूंच्या नोंदी उतरून काढल्या आणि या समजुतींना त्यांत काही आधार सापडतो काय ते तपासले. तो आधार सापडला नाही. त्या नोंदी पुढे लंडनला एडमंड हॅली याच्याकडे गेल्या, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे तोच हा, आणि त्याने १६९३ साली त्यांवरून आयुर्मानाचे कोष्टक बांधून, कोणत्या वयाच्या मनुष्याच्या वर्षासनाची किंमत किती, याचा हिशेब मांडला. आमच्या न्यायाधिकरणातले गुणकाचे कोष्टक त्याच घराण्यातले. म्हणजे धर्मगुरूने अंधश्रद्धा मोडण्यासाठी दफ्तर उघडले, आणि त्यातून निघालेल्या अंकांवर आज विधवेची रोटी ठरते.

आमच्या गवंड्याचा हिशेब असा झाला. कमाईचा कागद नव्हता. महिना बारा हजार धरण्यात आले, म्हणजे वर्षाचे १,४४,०००. स्वतःच्या हिमतीवर कमावणारा आणि चाळिशीच्या आतला म्हणून, भविष्यातील वाढीपोटी, २०१७ सालच्या घटनापीठाच्या निवाड्याप्रमाणे, चाळीस टक्के अधिक: २,०१,६००. चार अवलंबित म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: १,५१,२००. आता गुणक. येथे एक गंमत झाली, गंमत या शब्दाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख १ जून होती. आपल्या महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीतील निम्मी खेडी १ जूनलाच जन्मली आहेत. शाळेत नाव घालताना बापाला तारीख सांगता आली नाही की हेडमास्तर ती घालून देत. आजी शपथेवर सांगत होत्या की, पोर नागपंचमीच्या आसपासचे, झोके बांधलेले त्यांना आठवतात. अपघात जुलै महिन्यात झालेला. दाखल्याप्रमाणे तो छत्तीस पुरा होता, आईच्या आठवणीप्रमाणे पस्तिशीतच. एका हिशेबाने गुणक १५, दुसऱ्याने १६. मधला फरक १,५१,२०० रुपयांचा. कागद जिंकला. सटवाईने काय लिहिले ते कळत नाही, पण हेडमास्तरने लिहिलेले चुकवता येत नाही, हे मला त्या दिवशी पटले.

एवढ्यावर, अंकांनी माणसाचा बाजार मांडला, असा शोक करणे सोपे आहे, आणि तो आपल्या लेखकवर्गाचा आवडता शोक आहे. त्यात मी सामील होऊ शकत नाही. न्यायाधिकरण जी रक्कम ठरवते ती जिवाची किंमत नव्हे, जीव गेल्याने चुलीपाशी जी तूट आली तिची ती मोजदाद आहे, हा भेद न्यायमूर्तींनी वारंवार सांगितला आहे; परंतु मला भावते ती वेगळीच गोष्ट. त्या कोष्टकात मृताचे वय विचारतात, कमाई विचारतात, अवलंबित किती ते विचारतात. तो चांगला होता काय, त्याने हे मरण ओढवून घेण्याजोगे कोणते पाप केले होते काय, हे विचारत नाहीत. शेजारीपाजारी विचारतात, दहाव्याच्या घाटावर विचारतात, सुनेचा पायगुण विचारतात. संपूर्ण प्रक्रियेत एक कोष्टकच असे आहे की, जे मेलेल्याच्या आणि मागे राहिलेल्यांच्या पूर्वकर्माबद्दल अवाक्षर काढीत नाही.

अर्थात कोष्टक निष्पाप असले तरी त्यात घालण्याचे अंक निष्पाप नसतात. मोटार वाहन कायद्याला १९९४ साली जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत, काहीच न कमावणाऱ्याचे कल्पित उत्पन्न सालिना १५,००० रुपये धरले होते, आणि महागाई कोठल्या कोठे गेली तरी तो आकडा वर्षानुवर्षे तेथेच बसून राहिला. घर चालवणाऱ्या स्त्रीचे श्रम मोजण्याची वेळ आली तेव्हा तर २०१० साली सर्वोच्च न्यायालयाला असे नमूद करावे लागले की, २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या कोट्यवधी स्त्रिया, भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या पंक्तीला, अनुत्पादक म्हणून बसवल्या गेल्या होत्या. पहाटेच्या पाण्यापासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंत जिचा हात थांबत नाही ती अनुत्पादक! शिरगणती करणाऱ्याने रकाना आखला आणि त्या रकान्याने, रस्त्यावर मेलेल्या बाईच्या मुलांना काय मिळावे ते ठरवले. येथे अंकाचे पाप आहे, आणि ते अंकाचे नसून रकाना आखणाऱ्याचे आहे. उलट २०११ साली त्याच न्यायालयाने असेही सांगितले की, डावा हात गेला म्हणून वैद्यकीय दाखला साठ टक्के म्हणत असेल, तर तो मनुष्य चालक किंवा सुतार असल्यास त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली असे समजावे, आणि सरकारी कचेरीत कारकून असून नोकरी टिकली असल्यास तसे समजू नये. म्हणजे हात एकच, टक्के निरनिराळे. वैशेषिकांनी प्रत्येक परमाणूला ‘विशेष’ नावाचा, दुसऱ्यात नसलेला, धर्म मानला, आणि त्यावरून आपल्या दर्शनाला नाव दिले. सुताराच्या हाताचा विशेष शल्यचिकित्सकाच्या दाखल्यात नसतो, हे ओळखणारा न्यायाधीश त्यांच्या पंगतीला बसण्याजोगा आहे.

अंकांचा दुसरा उपयोग स्थळाचा आहे, आणि तो मला अधिक बिकट वाटतो. २०२२ साली महाराष्ट्राच्या रस्त्यांवर १५,२२४ माणसे मेली. दररोज सरासरी एकेचाळीस-बेचाळीस. सबंध देशात त्या वर्षी १,६८,४९१. हे मृत्यू नकाशावर सारखे पसरलेले नसतात. ते काही वळणांवर, काही उतारांवर, काही चौकांत पुंजके करून असतात. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता असाच एक. सरकारी व्याख्या अशी की, सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात मागील तीन वर्षांत गंभीर इजेचे वा मृत्यूचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, तर ती जागा अपघातप्रवण समजावी. आठ मेली असतील आणि अपघात चारच असतील, तर ती जागा अजून त्या यादीच्या पात्रतेची झालेली नाही! व्याख्येला कोठे तरी रेघ मारावीच लागते, हे मी समजतो; पण ज्याच्या मृत्यूने ती रेघ ओलांडली त्या मनुष्याचे पुण्य कोणत्या खात्यात जमा करायचे, हे चित्रगुप्ताने सांगावे.

घाटातल्या अशा जागी पाटी लागण्याच्या पुष्कळ आधी देऊळ लागते. खंडाळ्याच्या घाटात जुन्या रस्त्यावर शिंगरोबा आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते स्थान, अशी आख्यायिका, आणि येणारेजाणारे वाहनचालक अद्यापि तेथे नाणे टाकतात. असली देवळे मला लोकांनी आपल्या परीने ठेवलेले अपघातांचे दफ्तर वाटतात. कोठे घात होतो ते स्मरणात राहावे म्हणून शेंदूर लावलेला आहे. पाटी आणि शेंदूर दोघेही एकच गोष्ट सांगतात, जप. पाटी जास्तीची गोष्ट सांगते ती इतकीच की, सार्वजनिक बांधकाम खात्यालाही हे ठाऊक आहे.

आणि दाव्यात नेमके येथेच वादंग होते. आमच्याच प्रकरणात ट्रकमालकाच्या वकिलांनी, ते वळण अपघातप्रवण आहे, तेथे नेहमीच अपघात होतात, हे सांगून आपल्या चालकावरचा भार हलका करू पाहिला. आणि आमच्या वकिलांनी तीच पाटी दाखवून म्हटले की, धोका पाटीवर लिहिलेला असताना तुमचा चालक गिअर काढून उतरला. एकच संख्या, एकाला ढाल, दुसऱ्याला तलवार. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चटकन ओळखू येईल. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती खरी. पण जेथे अग्नी तेथे धूर, ही खरी नव्हे, कारण धुराला ओल्या सरपणाची उपाधी लागते. तसेच, जेथे ते वळण तेथे अपघात, ही व्याप्ती नव्हे. दररोज हजारो गाड्या त्या वळणावरून सुखरूप जातात. वळणाला उपाधी लागते: वेगाची, झोपेची, झिजलेल्या ब्रेकची, पावसाची, दिव्यांच्या अभावाची. वळणाचे आकडे उपाधी शोधायला सांगतात, आणि त्या शोधण्याचा त्रास नको म्हणून दोन्ही पक्ष वळणालाच कर्ता करून मोकळे होतात. न्यायाधीशांनी निवाड्यात लिहिले की, त्या जागी पूर्वी काय घडले यावरून त्या दिवशी काय घडले ते ठरत नाही, परंतु पूर्वी घडलेले ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर जपण्याचे कर्तव्य वाढते. पंचनाम्यातल्या टायरच्या खुणा, ट्रक थांबला ते अंतर आणि मोटारसायकलची मागची दबलेली बाजू यांवरून, संभाव्यतेच्या तुलनेने, त्यांनी हयगय शाबीत धरली. काकतालीय न्यायात कावळा बसण्याला आणि फळ पडण्याला गाठ पडते ती एकदा. तेच ताडाचे झाड आणि दर पावसाळ्यात तेच फळ, असे झाले तर शहाण्या माणसाने कावळ्याला सोडून झाडाचा देठ तपासावा.

देठ तपासण्याचे काम मात्र दाव्यात होत नाही, ही माझी तक्रार आहे. रस्ता ज्याने आखला व ठेवला तो सामनेवाल्यांच्या यादीत क्वचितच असतो. सदोष रस्त्याबद्दल ठेकेदाराला व अधिकाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. एक लाख, म्हणजे आमच्या गवंड्याच्या गुणकातला एक आकडाही भरत नाही. अस्मानीचे दार न्यायालयाने मालकासाठी लावून घेतले, ते योग्यच झाले. सुलतानीचे दार अजून किलकिलेच आहे, आणि ज्या पाचशे मीटरांत दहा मृत्यू सरकारी वहीत मांडलेले आहेत, तेथे अकरावा झाल्यावर दैवाचे नाव घेण्याचा अधिकार निदान वही ठेवणाऱ्याला उरत नाही, असे मला वाटते. आजींना तो अधिकार आहे. शोकाला दैव लागते. ते त्यांच्याजवळ राहू द्यावे, आणि सरकारी टिपणीत मात्र त्याला बसायला जागा देऊ नये.

निवाडा झाला, अपील झाले नाही, पैसे जमा झाले. मुलांच्या वाट्याची रक्कम ती सज्ञान होईतोवर राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवीत ठेवावी, असा हुकूम होता. पावत्या दाखवायला नाझरच्या टेबलापाशी आम्ही गेलो तेव्हा दुपार कलली होती. आजींनी धाकट्याची पावती माझ्या हाती दिली आणि त्यावर लिहिलेली शेवटची तारीख वाचायला सांगितली. मी वाचली. ती अकरा वर्षांपुढची होती. त्यांनी अंगठ्याने बोटे मोजायला सुरुवात केली, एका हाताची झाली, दुसऱ्या हाताची अर्धी झाली, आणि मग त्या थांबून म्हणाल्या, “तवर मी असंन का वो, मास्तर?” मी काहीच बोललो नाही. नाझरने रजिस्टरात त्यांचा अंगठा घेतला, शाई पुसायला कापसाचा बोळा पुढे केला, आणि मान वर न करता पुढचे नाव पुकारले.